कुवेतमध्ये काढलेली सालं

"कुवेतमध्ये किती सालं काढलीत?" मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याच्या रांगेत उभं असताना नवा माणूस जुन्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारतो. आम्ही "बावीस" असं सांगतो आणि मनातल्या मनात पुढे जोडतो, "शिवाय आठवड्याला पाच किलो!" पहिली सालं कॅलेंडरची, दुसरी भाजीची. कॅलेंडरच्या सालांबद्दल बोलायला मंडळात आमच्यापेक्षा कितीतरी ज्येष्ठ मंडळी आहेत. आमचा अधिकार फक्त दुसऱ्या प्रकारच्या सालांपुरता. केळ्याची, कलिंगडाची, दुधीची, बटाट्याची सालं, कोबीची वरची पानं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा आणि देवाचं निर्माल्य. सालमियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून गेली काही वर्षं यातलं काहीही कचऱ्यात जात नाही. त्याचं घरातल्या घरात खत होतं. हे खत कसं होतं आणि त्याचं पुढे काय होतं, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

'आम्ही' म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको. लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, त्यामुळे श्रेय आणि दोष निम्मे निम्मे. आमच्यापैकी एकाचं बालपण वाईजवळच्या गावात गेलं, दुसऱ्याचं दादरच्या चाळीत. एकाला खत म्हणजे घरामागचा उकिरडा. त्यात विशेष ते काय? दुसऱ्याला खत म्हणजे वास, माश्या आणि शेजाऱ्यांशी भांडण. या दोन टोकांच्या मधोमध आमच्या चार बादल्या उभ्या आहेत.

खरं तर आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात मुळात टाकायचं असं फार थोडंच असायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीची सालं तीळ घालून परतलेली, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, पिळलेल्या लिंबाच्या फोडी मिठाच्या बरणीत. एवढं करून जे उरेल ते गाईपुढे, आणि गाईने सोडलेलं उकिरड्यावर. पावसाळ्याच्या तोंडावर तो उकिरडा उपसून बैलगाडीने शेतात जायचा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात असं आपण म्हणतो, पण गावाकडे ते दर वर्षीच पालटायचे!

कुवेतमध्ये आल्यावर यातलं काही उरलं नाही. रात्री काळी पिशवी दाराबाहेर ठेवायची, हारिस ती खाली नेणार, बलदियाची गाडी ती उचलणार, सकाळी सगळं स्वच्छ. पिशवी कुठे जाते हा प्रश्न पडायचं कारणच नाही. ती जाते वाळवंटातल्या खड्ड्यात. इथला बहुतेक घरगुती कचरा अजूनही जमिनीत पुरला जातो. पुरलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो कुजतो तो गुदमरून, आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहूनही जास्त उष्णता धरून ठेवतो. कुरैनचं उदाहरण जुन्या मंडळींना आठवत असेल. तिथे एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कचरा भरला गेला, खड्डा बंद झाला, शेजारी घरं उभी राहिली, आणि मग जमिनीतून वायू येऊ लागला. तो बाहेर काढण्यासाठी मोठी यंत्रणा उभारावी लागली. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ४४ टक्के कचरा अन्नाचा आणि झाडपाल्याचा असतो. म्हणजे काळ्या पिशवीतला जवळजवळ अर्धा माल 'कचरा' नव्हेच, तो पुढच्या भाजीचा कच्चा माल आहे.

आमची सुरुवात झाली २०२० च्या मे महिन्यात. १० मे ते ३० मे अशी संपूर्ण संचारबंदी होती. भाजी आणायची तर आधी ऑनलाइन वेळ घ्यायची आणि मग जमियात जायचं. अशी मोजून आणलेली भाजी चिरताना सालंसुद्धा टाकवेनात. संध्याकाळी वस्तीतल्या वस्तीत पायी फिरायची मुभा होती. त्या फिरण्यात आम्ही पिशवी घेऊन रस्त्याकडेची वाळलेली पानं गोळा करू लागलो. 'सिद्र' म्हणजे आपल्या बोरीची चुलत बहीण, तिची बारीक पानं फार छान कुजतात. इथले लोक तिच्या फळांना 'कनार' म्हणतात आणि आपल्यासारखेच झाडाखाली वेचून खातात. कोनोकार्पसची पानं तर कुवेतभर हवी तेवढी मिळतात. एका रंगकाम करणाऱ्याकडून वीस लिटरच्या चार रिकाम्या बादल्या मिळाल्या. त्या धुऊन, बाजूला आणि तळाला भोकं पाडून आमचा कारखाना सुरू झाला.

पद्धत सोपी आहे. तळाशी पुठ्ठ्याचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर बारीक चिरलेली सालं, आणि सालांच्या दुप्पट सुकी पानं किंवा अंड्यांच्या ट्रेचे तुकडे. पुन्हा सालं, पुन्हा पानं. सर्वांत वरचा थर नेहमी सुका, म्हणजे चिलटं येत नाहीत. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, कारण आतल्या जिवाणूंना आपल्यासारखीच हवा लागते. सालांत पाणी आणि नत्र जास्त, पानांत आणि पुठ्ठ्यात कार्बन जास्त. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कार्बन असं जेवण या मंडळींना मानवतं. नत्र जास्त झालं की वास येतो, कार्बन जास्त झाला की काम रेंगाळतं. रोज काही मोजत बसावं लागत नाही. मूठभर माल हातात घेऊन दाबायचा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर उत्तम, धार लागली तर पानं घालायची, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडायचं. शिजवलेलं अन्न, मासळी, मटण, तेल यांना बादलीत प्रवेश नाही. दोन महिन्यांत पाच किलो सालांचं साधारण किलोभर काळंभोर खत होतं. बाकीचं बहुतेक पाणीच असतं.

आता कुवेतची गंमत. पुस्तकात लिहिलेलं असतं की खताचा ढीग उन्हाळ्यात जोरात चालतो. ते पुस्तक लिहिणाऱ्याने मित्रिबाचं नाव ऐकलेलं नसणार! आपल्या याच देशातल्या मित्रिबा केंद्रावर २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं. अशा दिवसांत बाल्कनीतली बादली म्हणजे भट्टी. ओल उडून जाते आणि जिवाणू झोपी जातात. म्हणून मे ते सप्टेंबर आमच्या बादल्या स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीत, एसीच्या गारव्यात असतात, आणि ऑक्टोबरनंतर बाल्कनीत. थोडक्यात, आमचं खत कुवेतच्या माणसांसारखंच राहतं.

पण या उन्हाचा उपयोगही आहे. जूनमध्ये कलिंगडांचे ढीग लागतात. एका मोठ्या कलिंगडाची दोन-अडीच किलो सालं ओली घातली तर बादलीत चिखल होईल. आम्ही ती पातळ चिरून ताटात पसरतो आणि बाल्कनीत ठेवतो. आपल्याकडे पापड-कुरडया वाळायला दोन-तीन दिवस लागतात, इथे दुसऱ्या दिवशी अडीच किलोची ओंजळभर खडखडीत सालं होतात. ती डब्यात भरून ठेवली की महिनोन् महिने वास नाही, माशी नाही. फक्त 'तौज' सुटला, म्हणजे धुळीचं वादळ आलं, की ताटं आत घ्यायची. पाण्याचीही तशीच सोय आहे. ऑगस्टच्या दमट हवेत एसीच्या नळीतून दिवसाला बादलीभर पाणी सहज ठिबकतं. ते पिण्याचं नाही, पण त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे खताला शिंपडायला छान. ज्या देशात एकही नदी नाही, वर्षाचा पाऊस सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडतो (महाबळेश्वरला एवढा पाऊस एका दिवसात पडतो!) आणि नळाचं पाणी समुद्रातून गोडं करून आणावं लागतं, तिथे तांब्याभर पाणीसुद्धा हिशेबात धरायला हवं.

माती तर त्याहून दुर्मिळ. इथे वर वाळू आणि खाली दगडासारखा घट्ट, चुनखडीचा थर. त्या थराला इथे 'गच' म्हणतात. शब्द ऐकून आम्ही चमकलोच, कारण आपल्या 'चुनेगच्ची'तला आणि 'गच्ची'तला गच तो हाच! फारसीतून एक भाऊ मराठीत आला, दुसरा कुवेतला गेला. पण या गचावर तुळस काही जगत नाही. अल-राईच्या रोपवाटिकांमध्ये माती विकत मिळते, म्हणजे पोत्यात भरलेलं पीट मॉस, युरोपातल्या दलदलीतून खणून जहाजाने आलेलं. आपल्या तुळशीवृंदावनात युरोपची दलदल! दर वर्षी दोन पोती आणायची, ती दोन उन्हाळ्यांत निर्जीव होणार, पुन्हा नवी पोती. आता पोत्यांचा खर्च वाचला. वाळू निम्मी, खत निम्मं अशा मिश्रणात आमची तुळस, कढीपत्ता आणि गवती चहा उभे आहेत. ऑक्टोबरात मेथी-कोथिंबीर पेरतो, आणि मार्चपर्यंत अधूनमधून जुडी निघते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या हिवाळ्यात इमारतीतल्या एका शेजाऱ्यांनी घरमालकाच्या माणसाकडे तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरून वास येतो. तो माणूस आला, भुवया चढवूनच आला. आम्ही बादलीचं झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरलं. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास. तो वासही मातीतल्या जिवाणूंचाच असतो. वास येत होता तो खालच्या मोठ्या डब्याचा, ज्यात सगळ्या घरांच्या पिशव्या एकत्र फुटत होत्या. प्रकरण तिथेच मिटलं. पण त्या दिवशी सोबत आलेला आमचा बांगलादेशी हारिस खतात बोटं घालून बराच वेळ उभा राहिला. त्याचं घर मेघना नदीच्या काठी. माती म्हणजे काय हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

मंडळी, हे सगळं काही परदेशी फॅड नाही, हेही सांगायला हवं. आज जगभर कंपोस्टची जी शास्त्रीय पद्धत शिकवली जाते, तिचं नावच मुळी 'इंदूर पद्धत'. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ठरावीक दिवसांनी उलथायचे, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये यावर जे पुस्तक निघालं त्यावर दोन लेखकांची नावं आहेत. एक हॉवर्ड आणि दुसरे यशवंत वाड. हॉवर्ड जगप्रसिद्ध झाले, पण आपल्या वाडांचं नाव घराघरात पोचलं नाही. पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, 'विपुलाच सृष्टी' लिहिलं, आणि गच्चीवर, दारात, दहा गुंठ्यांत काय काय पिकू शकतं ते सामान्य माणसांकडून करवून दाखवलं. त्यांचा भर एकाच गोष्टीवर होता: तज्ज्ञाची वाट न पाहता प्रत्येकाने आपल्या जागी स्वतः प्रयोग करावा. आमच्या चार बादल्या हा त्या परिवाराचा फारच दूरचा, समुद्रापलीकडचा नातेवाईक समजा.

खत चाळताना एक गोष्ट मात्र दर वेळी वर येते. फळांवरचे स्टिकर! सगळं कुजतं, स्टिकर कुजत नाहीत. इक्वेडोरचं केळं, चिलीचं सफरचंद, इजिप्तचं संत्रं, फिलिपिन्सचा अननस. आमच्या कन्येने शाळेत असताना ते धुऊन वहीत चिकटवले होते, भूगोलाच्या वहीपेक्षा ती वही जाड झाली. वाफ्रा आणि अब्दलीच्या शेतांतले टोमॅटो-काकड्या सोडल्या तर आपल्या ताटातलं बहुतेक सगळं समुद्र ओलांडून येतं. आपल्यासारखंच. फरक इतकाच की फळांचं इथे खत होऊन इथल्याच वाळूत मिसळतं. आपलं तसं होत नाही. आपला इकामा संपतो आणि आपण निघतो. इथे जमीन आपल्या नावावर होत नाही, झाडाखालची माती आपली नसते. वीस-पंचवीस वर्षं राहूनही निघताना मागे काय राहतं, हा प्रश्न आम्हां दोघांना हल्ली वरचेवर पडतो, कारण आमचेही निघायचे दिवस आता फार लांब नाहीत.

या प्रश्नाचं थोडंसं उत्तर आम्हांला नवरात्रात मिळालं. घटस्थापनेला शेतातली काळी माती लागते. कुवेतमध्ये ती आणायची कुठून? वर्षानुवर्षं आम्ही पोत्यातल्या पीट मॉसमध्येच धान्य पेरत होतो. देवी समजून घेते, पण मनाला ते लागायचंच. २०२० च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा घटाभोवती आमच्या बादलीतली माती पसरली. तिच्यात श्रावणातली फुलं होती, गणपतीच्या दूर्वा होत्या, संचारबंदीत चिरलेल्या भाज्यांची सालं होती. पाचव्या माळेला अंकुर बोटभर झाले आणि दसऱ्याला वीतभर. गावी फोन लावून आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "माती कुठली रे?" आम्ही म्हटलं, "इथलीच, आई. घरची." यावर ती काही बोलली नाही, फक्त "बरं झालं" म्हणाली. त्या एका 'बरं झालं'साठी चार बादल्यांचा सगळा व्याप सार्थकी लागला.

आणि दुसरं उत्तर आमच्या हारिसने दिलं. इमारतीच्या मागे, भिंत आणि पाण्याच्या टाकीच्या मधे, चार हात जागा पडून होती. एके दिवशी तो वर आला. "भाबी, मिट्टी और है क्या?" आम्ही दोन पिशव्या दिल्या. महिन्याभराने पुन्हा दोन दिल्या. आता तिथे हिवाळ्यात लाल माठ होतो, पुईची वेल चढते, दुधी लोंबतो. तो त्याला 'लाऊ' म्हणतो. दर आठवड्याला माठाची एक जुडी आमच्या दाराच्या कडीला अडकवलेली असते. जागा घरमालकाची, सालं आमची, मेहनत त्याची. ज्यांनी वासाची तक्रार केली होती त्यांच्याही दाराला जुडी असते. आताशा तेही आपली सालं डब्यात भरून खाली पाठवतात.

आमच्या घरी विरजण संपलं की दादरला शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जायचं, अशी पद्धत होती. काकूंचं विरजण आमच्याकडून कधीतरी तिसऱ्या घरी जायचं. कोणाचं मूळ विरजण हे कोणालाच सांगता आलं नसतं. खताचंही असंच असतं. जुन्या खताची एक मूठ नव्या बादलीत घातली की काम पटकन सुरू होतं, कारण त्या मुठीत जिवाणूंची अख्खी वसाहत असते. मंडळातल्या पाच-सहा घरांत आमची मूठ गेली आहे. त्यातलं एक कुटुंब गेल्या वर्षी कायमचं पुण्याला परतलं. जाताना त्यांनी आपल्या बादल्या आणि कढीपत्ता फहाहीलच्या एका नव्या जोडप्याला दिला. तो कढीपत्ता तिथे मजेत आहे असं ऐकतो.

तेव्हा वाचकहो, पुढच्या कार्यक्रमाला येताना एक रिकामा डबा जरूर घेऊन या. आइस्क्रीमचा असला तरी चालेल. आम्ही खताचं विरजण घेऊन येऊ, बटाटेवड्याच्या रांगेतच भेटू. आणि मंडळाच्या गणेशोत्सवात निर्माल्यासाठी एक वेगळी बादली ठेवावी, अशी कार्यकारिणीला आमची नम्र सूचना आहे. ती बादली घरी न्यायला आणि दसऱ्याआधी माती करून परत आणायला आम्ही तयार आहोत. ज्यांच्या घरी घट बसतात, त्यांनी आपली नावं आत्ताच कळवून ठेवावीत.